पाहुण्या जोडप्याची खोली: पलंग, कडी आणि वारा

वेरूळ, खुलताबाद, म्हैसमाळ, फर्दापूर, तुळजापूर या भागांत शेतातलं घर किंवा वाड्याच्या दोन-चार खोल्या पर्यटकांना भाड्याने देताना जाहिरातीत बहुधा एकच आकडा ठळक असतो: "१२ जणांची सोय." हा आकडा गाद्या मोजून काढलेला असतो. गाडीतून उतरतात मात्र जोडपी. आई-बाबा, थोरला भाऊ आणि वहिनी, धाकटा आणि त्याची नवी नवरी, बहीण-मेहुणे आणि त्यांचं लेकरू. रात्री नऊला सामान आत येतं, आणि तेव्हा कळतं की आतून कडी लागणाऱ्या खोल्या दोनच आहेत. मग बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे अशी वाटणी होते आणि सुट्टीची पहिलीच रात्र अवघडलेपणात जाते.

म्हणून घर लावताना माणसं नाही, जोडपी मोजा. एका जोडप्याची सोय म्हणजे किमान ५ फूट रुंद पलंग, आतून लागणारी कडी आणि दोघांच्याही अंगावर सारखा येणारा वारा. यातलं एकही कमी असेल तर ती खोली भावंडांना, मित्रांना किंवा एकट्या माणसाला द्या, जोडप्याला देऊ नका. जाहिरातही तशीच लिहा: "३ जोडप्यांसाठी ३ बंद खोल्या, शिवाय हॉलमध्ये ४ जणांच्या गाद्या." पुढे प्रत्येक खोलीच्या पलंगाचं माप, मजला आणि संडास कमोड आहे की भारतीय, एवढं टाका. फोटो दहा असले तरी पलंगाची रुंदी फोटोत कळत नाही.

बुकिंगच्या फोनवर चार गोष्टी विचाराव्यात: जोडपी किती, त्यांत वयस्कर किती, पाच वर्षांखालची लेकरं किती, आणि कुणाला एकाच खोलीत दोन वेगळे पलंग हवेत का. शेवटचा प्रश्न विचारायला मालक संकोचतात, पण गुडघेदुखी, घोरणं किंवा रात्री तीनदा उठावं लागणं यांमुळे बऱ्याच वयस्कर जोडप्यांना खोली एक आणि पलंग दोन हवे असतात. विचारलं नाही तर ते स्वतःहून सांगत नाहीत.

लग्नाचा पुरावा मागू नका. दोन सज्ञान व्यक्तींनी लग्न न करता एका खोलीत राहायला मनाई करणारा कायदा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोइमतूरच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. दोघांचीही ओळखपत्रं पाहा, वय तपासा, नोंदवहीत दोघांचीही नावं लिहा. फक्त पुरुषाचं ओळखपत्र घेऊन "सोबत एक" अशी नोंद करणं चूक आहे. अजिंठा-वेरूळमुळे परदेशी पाहुणे आले तर त्यांची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते, हे आधीच शिकून ठेवा.

पलंगाची रुंदी

बाजारात मिळणारी मापं साधारण अशी: सिंगल ३ × ६ किंवा ३ × ६.५ फूट, दिवाण ४ × ६, क्वीन ५ × ६.५, किंग ६ × ६.५. घरात आधीपासून असतो तो बहुतेक वेळा ४ × ६ चा दिवाण, आणि "दोघं मावतात की" म्हणून तोच जोडप्याला दिला जातो. ४ फुटांत माणशी २४ इंच येतात. तान्ह्या बाळाच्या पाळण्याची रुंदीही साधारण तेवढीच असते. क्वीनमध्ये ३० इंच, किंगमध्ये ३६. जोडप्याला ५ फूट ही खालची मर्यादा धरा. लांबीही बघा, सहा फुटी माणसाचे पाय ७२ इंचांच्या पलंगाबाहेर जातात, तिथे ७८ इंचच हवेत.

मात्र मोठा पलंग घ्यायच्या आधी खोली मोजा. दोन्ही बाजूंनी उतरायला किमान २ फूट जागा हवी. खोली ९ फूट रुंद असेल तर ५ फुटी पलंग मधोमध बसतो आणि दोन्हीकडे २ फूट उरतात. तिथे ६ फुटी पलंग टाकला तर तो एका भिंतीला लावावा लागतो, आणि भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं. अशा खोलीत ५ फूटच बरे.

नवीन घर लावत असाल तर प्रत्येक खोलीत ३ × ६.५ चे दोन पलंग घ्या आणि गरजेप्रमाणे जोडा किंवा वेगळे करा. तरुण जोडपं आलं की जोडायचे, आई-बाबा आले आणि त्यांना वेगळे हवे असले की सुटे करायचे. मात्र जोडणी नीट हवी. नुसते शेजारी सरकवले तर फरशीवर पाय घसरतात आणि मध्यरात्री मधली फट उघडते. पद्धत अशी:

१. दोन्ही पलंग एकाच कारागिराकडून, एकाच उंचीचे घ्या. गाद्याही एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या. अर्ध्या इंचाचा फरकसुद्धा पाठीला टोचतो.

२. मधल्या दोन पट्ट्यांना उशाकडून आणि पायथ्याकडून दीड-दीड फुटावर आरपार भोक पाडून ८ मिलिमीटरचे नट-बोल्ट बसवा. वायसर विसरू नका. बोल्टचं डोकं आणि नट लाकडात बुडतील एवढा खड्डा करा, नाहीतर सुटा पलंग वापरताना पोटरी खरचटते.

३. पायांना रबरी बूट घाला. शहाबादी फरशी सहसा एका पातळीत नसते. जो पाय अधांतरी राहतो तिथे रबराचा जाड तुकडा द्या.

४. दोन्ही गाद्यांना मिळून एक रुंद नायलॉनचा पट्टा आवळा, मधल्या फटीत फोमची पट्टी दाबून बसवा आणि वर ६ फूट रुंद, २ इंच जाडीची एकसंध गादी टाका.

ही वरची गादी कापसाची असावी. फोममध्ये हवा खेळत नाही, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा फोमवर पाठ भाजल्यासारखी होते. खाली ६ इंची काथ्या-फोमची कडक गादी आणि वर पातळ कापसाची, ही जोडी मराठवाड्याच्या हवेला सगळ्यांत चांगली. नुसती कापसाची जाड गादी जोडप्याच्या पलंगावर टिकत नाही. वर्षभरात मध्ये खळगा पडतो आणि दोघंही घरंगळत मध्यावर येतात. पिंजून घेतली की ती सरळ होते, पण भाड्याच्या घरात दर मोसमाआधी पिंजाऱ्याला बोलवायची तयारी हवी.

दोन बाजा जोडून जोडप्याची सोय करू नका. सुंभाची असो वा नवारीची, बाज मध्ये झुकते आणि कडेची लाकडं वर राहतात. जोडल्या तर दोन लाकडं बरोबर दोघांच्या मध्ये येतात. बाज एकट्याने झोपायची वस्तू आहे आणि त्या कामात ती उत्तम आहे.

करकर

याकडे मालकांचं लक्ष जात नाही, पण शेजारच्या खोलीत सासू-सासरे झोपले असतील तर नव्या जोडप्याला पलंगाच्या आवाजाचीच सगळ्यांत जास्त धास्ती असते. आवाज तीन जागांवरून येतो. ढिले बोल्ट, दर महिन्याला पाना फिरवा. चौकटीवर नुसता ठेवलेला प्लाय. चौकटीच्या कडेला जाड नमदा किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवा आणि प्लाय खिळ्यांनी नको, स्क्रूने घट्ट करा. तिसरी जागा म्हणजे भिंतीला आपटणारी उशाकडची फळी; पलंग भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे घ्या. प्लाय १८ मिलिमीटरचा हवा, १२ चा झुकतो आणि झुकला की बोलतो. ५ फुटांपेक्षा रुंद पलंगाला मध्ये आधाराचा पाय लागतोच. तपासणी सोपी आहे: दोन माणसांनी पलंगावर बसून कूस बदलावी आणि तिसऱ्याने दार लावून शेजारच्या खोलीत उभं राहावं.

पलंग कुठे ठेवायचा

दक्षिणेकडे पाय करून झोपायचं नाही, हे आपल्याकडे बहुतेक घरांत पाळतात. पाहुणा बोलत नाही, पण रात्री उशी उलटीकडे नेतो आणि पंखा मग पायांवर येतो. उशी पूर्वेला किंवा दक्षिणेला येईल असा पलंग लावला की हा प्रश्न मिटतो. यात दुसराही फायदा आहे: दुपारभर तापलेली पश्चिमेची भिंत उशाशी येत नाही. ती भिंत रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते.

पंखा खोलीच्या मध्यावर असतो आणि पलंग एका बाजूला, त्यामुळे एकाला वारा आणि एकाला घाम. पलंग हलवता येत नसेल तर पंख्याचा हुक बदलण्यापेक्षा भिंतीवरचा फिरता पंखा पायथ्याकडे लावणं स्वस्त पडतं.

उन्हाळ्याची रात्र

वरच्या मजल्यावरची खोली देखणी असते, बाल्कनी असते, म्हणून तीच "कपल रूम" ठरते. मेमध्ये त्या खोलीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो. गच्चीवर पावसाळ्यानंतर चुन्याचे दोन हात द्या आणि मार्चमध्ये पुन्हा एक. शेडनेट बांधायची असेल तर स्लॅबपासून किमान दोन-तीन फूट वर, मधून हवा वाहिली पाहिजे. एवढं करूनही १० × १२ च्या वरच्या खोलीला एसी लावायचा असेल तर दीड टनाचा घ्या, एक टन पुरत नाही. शेतातल्या लाइनवर व्होल्टेज पडतं, तेव्हा स्टॅबिलायझरशिवाय एसी रात्री बंद पडतो.

मातीच्या माळवदाच्या खोल्या असतील तर उन्हाळ्यात त्याच जोडप्यांना द्या. जाड भिंती आणि मातीचं छप्पर दिवसाचं ऊन आत येऊ देत नाहीत. पावसाळ्याआधी माळवदावरची माती दाबून, पन्हाळ मोकळी करून घ्यावी लागते. नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात गादीवर थेंब पडतात.

कूलरबद्दल एक गैरसमज फार आहे. खोली बंद करून कूलर आत ठेवला तर तासाभरात हवा दमट होते, चादर ओलसर लागते आणि झोप मोडते. कूलर खिडकीबाहेर हवा आणि समोरच्या बाजूची खिडकी चार-सहा इंच उघडी हवी, म्हणजे ओली हवा बाहेर पडते. ती खिडकी उघडी ठेवायची म्हणजे तिला जाळी आणि जाड पडदा दोन्ही हवेत, नाहीतर जोडपं ती उघडणारच नाही. कूलरचा झोत पायथ्याकडून डोक्याकडे असावा. बाजूने असेल तर जवळचा गारठतो आणि पलीकडच्याला काहीच लागत नाही. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने वाळ्याच्या ताट्या एका मोसमात दगडासारख्या होतात. दर वर्षी बदला. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कापडाने पुसा, डेंगीचा डास तिथेच वाढतो. जूनमध्ये पाऊस लागला की कूलर बंद, कारण दमट हवेत तो काहीच गार करत नाही.

वीज गेली तर काय, याचा हिशेब आधी मांडा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या एका बॅटरीतून सुमारे १,२०० वॅट-तास हाती येतात. साधा छताचा पंखा ७५ वॅटचा. तीन खोल्यांचे तीन पंखे पाच तास चालतील. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो. तेच तीन पंखे त्याच बॅटरीवर पहाटेपर्यंत जातात. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला.

हिवाळ्यात उलटी अडचण. डिसेंबर-जानेवारीत परभणी, संभाजीनगरकडे पहाटे पारा १० अंशांखाली उतरतो. एकच मोठी रजई दिली की ओढाताण होते. एकाला उकडतं, दुसऱ्याला थंडी वाजते. दोन सिंगल ब्लँकेट आणि त्यांवर पसरायला एक मोठी वाकळ द्या. वाकळ घरची, जुन्या लुगड्यांची असेल तर पाहुणे तिची किंमतही विचारतात.

कडी, पडदा, आवाज

जोडप्याची खोली कुणाच्या जाण्यायेण्याची वाट नसावी. जुन्या वाड्यात ओसरी, माजघर, आतली खोली अशी ओळ असते; आतल्या खोलीतल्याला मोरीकडे जायला माजघरातून जावं लागतं. अशा ओळीत जोडप्याला शेवटची खोली द्या आणि माजघर रात्री रिकामं ठेवा. ते जमत नसेल तर त्या दोन खोल्या मिळून एकाच कुटुंबाला द्या.

कडी आतून, सहज लागणारी आणि आवाज न करणारी हवी. जुन्या दाराच्या फळ्यांत फटी पडलेल्या असतात. आतून पातळ प्लाय मारा. दारावरच्या झरोक्यातून शेजारचा दिवा आणि बोलणं दोन्ही येतं, तो काच लावून बंद करा, हवा बाहेरच्या खिडकीतून घ्या. दाराखालच्या फटीला ब्रशची पट्टी लावली तर आवाज आणि विंचू दोघांनाही अटकाव होतो. पडदे दुहेरी: आतून पातळ, बाहेरून जाड. दिव्याचं आणि पंख्याचं बटण पलंगावरून हाताला यावं आणि चार्जिंगचा सॉकेट दोन्ही बाजूंना असावा.

सकाळचा चहा दारापर्यंत नेऊ नका. किती वाजता हवा ते रात्रीच विचारा आणि ओसरीवर ठेवा. दुसरी किल्ली मालकाकडे असावी, पण पाहुणे आत असताना ती वापरायची वेळ फक्त आगीची किंवा आजारपणाची. सीसीटीव्ही फाटकावर आणि गाड्यांपाशीच, आणि तो कुठे आहे ते जाहिरातीत लिहा.

लेकरू सोबत असेल तर

लेकराला मध्ये घेऊन झोपायची आपली सवय. त्याला ६ फुटी पलंगच हवा. ५ फुटांत तिघं म्हणजे रात्रभर कुणीतरी कडेवर. जोडलेल्या पलंगावर तान्हं बाळ ठेवू देऊ नका. मधली फट किंवा भिंतीकडची फट यांत बाळ अडकून गुदमरू शकतं. झोळी बांधायला पाहुणे जागा शोधतातच, आणि सापडत नाही तेव्हा खिडकीच्या गजाला किंवा पंख्याच्या हुकाला बांधतात. पंख्याचा हुक फिरता पंखा धरतोय, त्यावर झोळीचा हेलकावा नको. स्लॅबमध्ये वेगळी मजबूत कडी बसवून घ्या आणि पलंगापासून हाताच्या अंतरावर ठेवा, म्हणजे आईला पडल्या पडल्या झोका देता येतो.

वयस्कर जोडप्याला तळमजला, कमोड, १८ ते २० इंच उंचीचा पलंग आणि मोरीपर्यंत रात्रीचा मंद दिवा. एवढं पुरतं.

जमीन आणि गच्ची

शेतातल्या घरात पाहुण्यांना जमिनीवर झोपवू नका. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश इतका हलका असतो की झोपलेल्याला कळतही नाही. गाद्या घालाव्याच लागल्या तर मच्छरदाणी लावा आणि तिची कड फूटभर गादीखाली चारी बाजूंनी खोचा. दोघांच्या ६ × ६.५ गादीला किमान ७ × ७ ची मच्छरदाणी लागते. लहान असेल तर अंग जाळीला टेकतं आणि डास बाहेरूनच चावतात. गादी भिंतीपासून फूटभर दूर आणि घालण्याआधी झटकून. विंचू अतिनील टॉर्चच्या उजेडात हिरवट चमकतो. संध्याकाळी खोलीच्या कोपऱ्यांतून असा टॉर्च एकदा फिरवावा.

नवरात्रात घट बसलेले काही जण गादी-पलंग वापरत नाहीत. त्यांच्यासाठी धुतलेली सतरंजी आणि घोंगडी वेगळी ठेवा आणि ती गावातल्या पक्क्या फरशीच्या खोलीतच घाला. तुळजापूरला दसऱ्याला देवीचा पलंग नगरकडून येतो, देवीची श्रमनिद्रा सुरू होते, आणि कोजागरीपर्यंत गावात पाय ठेवायला जागा नसते. या दिवसांत दोन जोडप्यांना एका खोलीत बसवायचा मोह होतो. त्यापेक्षा ती खोली एका गटातल्या बायकांना किंवा पुरुषांना द्या आणि तसं फोनवरच सांगा.

गच्चीवर झोपायची मागणी मेमध्ये होणारच. गादी थेट स्लॅबवर घातली तर तापलेल्या स्लॅबची ऊब खालून लागते. इथे बाजा कामाला येतात, खालून वारा जातो. दोन जोडपी असतील तर मध्ये दोरीवर चादरीचा आडोसा करा, आणि कठडा साडेतीन फुटांपेक्षा कमी असेल तर गच्ची देऊच नका.

चादरी आणि पाणी

६ इंच जाडीच्या ५ × ६.५ गादीला ९० × १०० इंचांची चादर घेतली जाते आणि ती सकाळी गोळा झालेली असते. हिशेब करा: लांबी ७८, दोन्हीकडची जाडी १२, झाले ९०, खोचायला दोन्ही टोकांना पाच-पाच इंचच उरले, आणि सुती कापड धुतल्यावर आटतं. ९० × १०८ घ्या. किंगला १०८ × १०८. उशा माणशी दोन, एक जाड, एक पातळ.

गादीवर संरक्षक आवरण हवंच, पण रेक्झिनचं नको. ते वाजतं आणि घाम आणतं. वरून टेरी सुती आणि खालून पाणी न झिरपणारं असं मिळतं.

पलंगामागे चादरींचे तीन संच ही नेहमीची मोजणी. टँकरच्या दिवसांत पाच ठेवा, म्हणजे आठवड्यातून दोनदाच मशीन लावून भागतं. पाणी वाचवायला आधीच्या पाहुण्याची चादर झटकून पुन्हा घालणं मात्र कधीही नाही. हळद-कुंकवाच्या डागाला आधी साबण लावू नका, साबणाने हळदीचा डाग लाल होतो. गार पाण्याने जेवढा जाईल तेवढा घालवा, मग धुऊन कडक उन्हात वाळवा. हळद उन्हात उडते. रक्ताच्या डागालाही गारच पाणी, गरम पाण्याने तो कायमचा बसतो. मेंदी आणि तेलाचे डाग बोअरच्या जड पाण्यात निघत नाहीत, म्हणून पांढऱ्याऐवजी फिकट रंगाच्या, बारीक नक्षीच्या चादरी घ्या.

कापसाच्या गाद्या आणि वाकळी आठवड्यातून एकदा उन्हात टाका. वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, तेव्हा त्या त्या भागात हेच दिवस बहुधा हलके जातात. गाद्या वाळवणं, बोल्ट आवळणं आणि कूलर पुसणं त्याच दिवशी उरका. उन्हातून आणलेली गादी सावलीत तासभर निवू द्या आणि मगच पलंगावर घाला.